एका कानासाठी केबल

पायात घातला तर बसत नाही.

सहा. एक माझ्या बुटात आहे.

हो, पण आधी ती चावली.

कात्रीने.

जे बंद आहे ते.

(थोडी खरखर. मग हसू, एकटंच, कशाला ते न कळणारं.)

एवढंच. हे सगळं एका म्हाताऱ्याच्या उजव्या कानात पडलं आणि पुढच्याच मिनिटाला केबल तुटली.

म्हातारा घड्याळजी होता. दुकान विकून झालं होतं, पण खिडकीशी टेबल होतं, डोळ्याला लावायचं भिंग होतं आणि जुनी गिऱ्हाईकं अजून जिना चढून यायची. बायको त्याच खोलीच्या दुसऱ्या टोकाला शिवणयंत्रावर बसायची. तिला सगळे टाकेबाई म्हणत, नवराही चिडला की म्हणे. मुलीची नोकरी लांब, एका धरणावर, पाण्याची पातळी मोजायची. तिथे फोन लागला तर नशीब. म्हणून महिन्यातून एकदा पाकीट यायचं, त्यात नखाएवढं कार्ड आणि कार्डात मायलेकींच्या गप्पा. मुलीकडे आवाज भरायचं यंत्र होतं, त्याला चिमट्याचे दोन माइक. एक ती स्वतःच्या कॉलरला लावी, एक लेकीच्या फ्रॉकला. इकडे ऐकायला एक चिमुकला प्लेअर होता, त्याला स्पीकर नव्हताच. हेडफोन एक. आधी टाकेबाई ऐके, मग घड्याळजी. मग तो पत्र लिही.

पूर्वी चार-चार पानं लिही. हल्ली दोन ओळी. या महिन्याच्या कार्डात अगदी शेवटी मुलगी म्हणाली होती, "आई, बाबा रागावलेत का? या वेळी त्यांना एक गोष्ट विचारलीय. तू सांगू नकोस, त्यांनीच ऐकू दे."

आणि त्यांनी ऐकायच्या आत केबल तुटली. वर्षातली तिसरी.

"अहो, तुम्ही हेडफोन घालता की पिळता?"

"मालच हलका मिळतो हल्ली."

"ही चांगली बघून आणली होती मी."

"मग तिला तुझी नजर लागली." त्याने हेडफोन खुंटीला अडकवला. "राहू दे आता. तू ऐक आणि मला सांग काय म्हणतात ते. वर्तमानपत्र वाचून दाखवतेस तसं."

चाळीस वर्षांच्या संसारात टाकेबाईला एक कळलं होतं: हा माणूस एखादी वस्तू खुंटीला लावतो तेव्हा ती वस्तू बिघडलेली नसते, बिघाड दुसरीकडे असतो.

ती तुटकी केबल घेऊन खिडकीशी बसली आणि काज उसवायच्या पात्याने तिने तिची साल सोलली.

आता कुणाचाही कपडा दुरुस्तीला आला की टाकेबाई आधी झीज बघे. एका खांद्याची शिवण विरली असेल तर माणूस पिशवी त्या खांद्याला लावतो. डाव्या टाचेपाशी पायजमा फाटला असेल तर पाय ओढतो. कपडा गिऱ्हाइकापेक्षा खरं बोलतो, असं ती म्हणे. केबलच्या आत तीन बारीक तारा होत्या. त्या ओढून तुटल्या नव्हत्या. पिळून तुटल्या होत्या, ओला टॉवेल पिळावा तशा, डाव्या कपाच्या तोंडाशी. मागच्या दोन केबली तिने टाकल्या नव्हत्या. टाकेबाई काहीच टाकत नसे. त्याही सोलल्या. तोच पीळ, त्याच जागी.

म्हणजे कुणीतरी हेडफोन सतत उलटसुलट करत होतं. डावा उजव्या कानावर, उजवा डाव्यावर, परत सरळ.

ती उठली, त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "चहा घेता?"

तो भिंगातून घड्याळात बघत राहिला.

ती वळसा घालून उजवीकडे आली. "चहा घेता?"

"विचारतेस काय, ठेव की."

तिने चहा ठेवला नाही. स्टूल ओढून समोर बसली. "कधीपासून?"

घड्याळजीने भिंग काढलं. नाकारायचं की नाही याचा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. मग त्याने सोडून दिलं.

"थंडीपासून. एका सकाळी उठलो तर डावा कान नव्हता. डॉक्टरकडे जाऊन आलो, तुला दाढीचं सामान आणायला जातो म्हणालो होतो त्या दिवशी. तो म्हणाला, हा परत येणार नाही, दुसरा ठणठणीत आहे."

"आणि मला सांगायचं नाही?"

"तुला सांगितलं की गल्लीला सांगितलं. बहिऱ्या घड्याळजीकडे घड्याळ कोण आणून देईल?"

"एका कानाने बहिरा."

"तेच ते. अर्धी टिकटिक."

"टिकटिक कशी अर्धी होते? एका कानाने ऐकली तरी टिकही येते आणि टिकही."

तो हसला, मनात नसताना. मग हळूहळू सगळं बोलला. मुलीच्या यंत्रात मुलगी डाव्या बाजूला भरली जाते, नात उजव्या. सरळ घातला तर नुसती उत्तरं. उलटा घातला तर नुसते प्रश्न. तो आधी एक बाजू ऐके, मग हेडफोन फिरवून दुसरी, आणि डोक्यात जोडत बसे. "जोडता येतं गं. पण त्या दोघी एकदम हसतात ना, ते जोडता येत नाही. मला वाटतं, एक हसते आणि दुसरी गप्प बसलीय."

सुट्या भागांच्या दुकानातली चष्मेवाली टाकेबाईला ओळखत होती. तिच्या गणवेशाची बाही टाकेबाईनेच लांब केली होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "सोपं आहे, मावशी. डावी-उजवी दोन्ही एकत्र करायची आणि मग दोन्ही कपांत तेच सोडायचं. पण नुसत्या तारांना तार बांधू नका, प्लेअरवर ताण येईल. दोन्हींत एकेक रेझिस्टर घाला, मग जोडा. आवाज थोडा बारीक येईल."

"अशी तयार मिळत नाही?"

"मिळेल कुठेतरी. पण तुमच्याकडे सोल्डर आहे ना? मग घरीच करा. पिना देते, तार देते. आणि पिनेचं टोपण आधी ओवा."

"हो हो," टाकेबाई म्हणाली.

पहिला प्रयत्न. तिने मऊ तारेचे तीन पदर घेतले आणि लेकीची घालायची तशी वेणी घातली. वेणीला पीळ बसत नाही, हे पोरगी पाच वर्षांची असल्यापासून तिला ठाऊक. मधोमध दोन रेझिस्टर, तांदळाच्या दाण्याएवढे, त्यावर गरम केलं की आक्रसणारी नळी. मग पिनेला एकेक तार सोल्डर केली. घड्याळजीने भिंग तिच्या डोळ्याला लावून दिलं होतं. टाका सुबक बसला. तिने केबल उचलून धरली, आणि पिनेचं टोपण टेबलावर तसंच पडलेलं दिसलं.

टोपण आधी तारेत ओवायचं असतं. मागून चढत नाही.

"नाडी ओवायच्या आधी नेफा दोन्हीकडून शिवलास," घड्याळजी म्हणाला.

"गप बसा."

दुसरा प्रयत्न. सगळं उकललं, टोपण ओवलं, ते तारेवरून घसरू नये म्हणून त्याला टाचणी लावली. पिन झाली. आता दुसरं टोक, हेडफोनच्या कपात जाणारं. तेही झालं, झकास. दुसऱ्या पिनेचं टोपण बटणांच्या डब्यात होतं.

घड्याळजी इतका हसला की त्याला ठसका लागला. महिन्याभरात तिने त्याला असं हसताना बघितलं नव्हतं, म्हणून तिने रागवायचं लांबवलं.

"पुन्हा उकल," तो म्हणाला.

"नाही. तार आखूड होत चाललीय. आणि टोपणाशिवाय कुणाचं अडलंय?" तिने काजाचा जाड दोरा घेतला आणि उघड्या टाक्यांवरून तो गुंडाळत गेली, फेऱ्याला फेरा चिकटवून, शेवटी काजाचीच गाठ. ओढून बघितलं. हललं नाही.

"केबल आहे की फाटका सदरा?"

"घाला."

त्याने हेडफोन सवयीने उलटा धरला. मग थांबला आणि सरळ घातला.

टाकेबाई शिवणयंत्रावर जाऊन बसली, पण पाय पेडलवर ठेवला नाही. त्याच्या कानात काय चाललंय ते तिला पाठ होतं:

मोजा हातात का घातलायस गं?
पायात घातला तर बसत नाही.
मांजरीला पिल्लं किती झाली, सांग आजोबांना.
सहा. एक माझ्या बुटात आहे.
आणि तू मांजरीला चावलीस?
हो, पण आधी ती चावली.
बरं. आणि हे केस कशाने कापलेस?
कात्रीने.
धरणाच्या बुरुजावर दोन घड्याळं आहेत. आजोबांना कुठलं दाखवायचं?
जे बंद आहे ते.

मग त्या दोघी हसतात. मग दोघी एकदम, एक "बाबा" म्हणून आणि एक "आजोबा" म्हणून, तेच वाक्य म्हणतात: येता का दुरुस्त करायला?

बटण मागे नेऊन घड्याळजीने तेवढंच पुन्हा ऐकलं. पुन्हा. खांदे हलायला लागले तेव्हा टाकेबाईने मान वळवली. बघितलं तर तो त्यांच्याबरोबर हसत होता.

"एकदम हसतात," तो म्हणाला, जरा मोठ्याने, हेडफोन घातलेली माणसं बोलतात तसा.

"नेहमीच हसतात."

"बुरुजावरचं घड्याळ म्हणजे मोठं असणार. त्याला कान लावायची गरज नाही, हात लावला की ठोका कळतो." तो टेबलाखाली वाकला. "माझी मोठी पेटी कुठे ठेवलीस?"

"पलंगाखाली. गाडीचं बघू का?"

"बघ. आणि तार उरलीय का? तिकडे तुझी वेणी तुटली तर?"

"वेणी तुटत नाही," टाकेबाई म्हणाली आणि पेडलवर पाय ठेवला.

हेडफोन विकत घेतला त्या दिवशी खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं होतं: केबल काढता-घालता येते. एका कानासाठी कशी करायची, ते मात्र छापलेलं नव्हतं.