उधळ्या

त्या घरात ‘उधळ्या’ हा शब्द पैशासाठी कधी वापरलाच गेला नाही. उधळायला पैसा होता कुठे? नवरा काचेच्या कारखान्यात लांब नळीतून बाटल्या फुंकायचा आणि उरलेला श्वास घरीदारी बोलण्यात घालवायचा. दूध घ्यायला गेला की दूधवाल्याला गोष्ट, गोष्टीला शेपूट, शेपटाला गाठ. “उधळ्या नवरा पडलाय पदरात,” ती शेजारणीला सांगायची, पण कान त्याच्या गोष्टीतच.

भट्टीनं त्याची छाती खाल्ली. डॉक्टर म्हणाले, “काकांना बोलू देऊ नका. श्वास पुरवून वापरायचा.”

झालं, तिनं पदर खोचला. त्यानं तोंड उघडलं की पुढचं वाक्य हिचं. चाळीस वर्षांचा संसार, त्याचं बोलणं कुठं वळतं हे तिला पाठ.

“अगं, ती खि...”

“खिडकी ना? लावते.”

“आज जरा...”

“मीठ जास्त पडलं. कळलं.”

दूधवाला दारातून विचारायचा, “काका, आज गोष्ट?”

“दुकान बंद आहे,” ती म्हणायची. श्वास वाचत होता. ती मनात खूश होती.

एका दुपारी त्यानं तिचं मनगट धरलं. “अगं, तुला एक...”

“पाणी?”

त्यानं नकारार्थी मान हलवली.

“गोळी? उशी उंच करू?”

“पहिल्या दिवशी... तू...”

“पहिल्या दिवशीचा तो डॉक्टरांचा कागद? जपून ठेवलाय हो!”

त्याला हसू आलं. हसण्याचा खोकला झाला, खोकल्यानं सगळा श्वास ओढून नेला. ओठ निळसर पडले. आणि मग कुठं तिच्या ध्यानात आलं, की हा पाणी मागत नव्हता.

ती खाटेवर बसली. दोन्ही हात मांडीखाली दाबले. “बोला. मी मध्ये नाही बोलणार. उधळा, हवं तेवढं उधळा.”

ऑक्सिजनचं मशीन घरघरत राहिलं. त्याचे ओठ नळीला लावल्यासारखे गोल झाले. शब्द आला नाही. पुन्हा झाले. नाही आला.

ती ओठ घट्ट मिटून वाट बघत होती. त्याची सगळी वाक्यं तिला पाठ होती, हे एक सोडून.

शेवटी त्यानं मूठ उचलली, कशीबशी तिच्या डोक्यावर नेली आणि लग्नातल्या अक्षता उधळाव्यात तशी उघडली.

कितीतरी वेळ ती केसांत बोटं फिरवून चाचपत राहिली.