पेन्सिलीचा कंस

मी स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या मुलांना तर्क शिकवतो. उतारा द्यायचा आणि प्रत्येक वाक्य तिथे काय काम करतंय ते ओळखायला लावायचं. निष्कर्षाखाली लाल रेघ, आधाराखाली निळी, विरोधी मुद्द्याखाली हिरवी. उरलेल्या वाक्याभोवती पेन्सिलीने कंस आणि वर लिहायचं, 'पार्श्वभूमी'. कंसातलं वाक्य काढून टाकलं तरी युक्तिवाद उभा राहतो, हे मी वर्षाला निदान शंभर वेळा सांगत असेन.

ही खोड घरातही सुटली नाही. बायको म्हणते, "तुमच्याशी भांडायचं म्हणजे आधी कच्चं लिहून काढायला हवं." दादा तर लहानपणापासून मला वकीलच म्हणायचा. शब्दाचा कीस पाडण्यात मी पटाईत, आणि आमच्या घरात त्याचं कौतुकच व्हायचं. नसतं झालं तर बरं झालं असतं.

मागच्या वर्षी दादाचं पत्र आलं. व्यवहाराचं फोनवर बोलायचं नाही, लिहून कळवायचं, ही त्याची जुनी शिस्त. पत्र एवढंच होतं:

'हल्ली दुसऱ्या मजल्यावर जरा थांबावं लागतं, तुझी वहिनी हसते. बाकी ठीक. आता मुद्द्याचं. छत गळतंय. शेजारच्या तिघांनी घरं विकली. इथले भाव पुढे पडतील म्हणतात. तुझा जीव या घरात अडकलाय हे मला माहीत आहे. तरी वाटतं, हे घर विकून कुठेतरी तळमजल्यावर जागा बघावी. तुझी सही लागेल.'

घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आईवडिलांमागे दोघांच्या नावावर. मी दोन वर्षांतून एकदा तिथे जायचो, खिडकीत बसून चहा प्यायचो आणि परत यायचो. तरी मला ते जसंच्या तसं हवं होतं. राहायचं दादाने, हळवं व्हायचं मी!

पत्राची झेरॉक्स काढली आणि रंगीत पेनं घेऊन बसलो. 'घर विकून' लाल. छत, शेजारी, भाव निळे. माझा जीव हिरवा. पहिल्या ओळीला पेन्सिलीचा कंस. खाली लिहिलं: 'गळती दुरुस्त करता येते. शेजाऱ्यांनी विकलं, हा आधारच नव्हे. भाव पडतील, असं कोण म्हणतं? निष्कर्ष सिद्ध होत नाही. गुण दहापैकी तीन.' शेवटचं गमतीने लिहिलं होतं. सही केली नाही, ती झेरॉक्सच दादाला पाठवून दिली.

दादाचं दोन ओळींचं उत्तर आलं. 'वकीलसाहेब, हरलो. छत दुरुस्त करून घेतो.' मी ते वर्गात वाचून दाखवलं. मुलं हसली, मीही हसलो.

पाच महिन्यांनी वहिनीचा फोन आला, दादा गेला. हृदय बंद पडलं, एवढंच तिला सांगता आलं. मी सामान घेऊन निघालो.

जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर मलाच धाप लागली. वळणावर भिंतीला टेकून एक निळं प्लास्टिकचं स्टूल ठेवलेलं होतं. कुणाचं असेल, म्हणत मी त्यावर टेकलो. माझी चाहूल लागून वहिनी खाली आली. मला तिथे बसलेलं पाहून कठड्याला धरून उभी राहिली.

"बसा, भाऊजी. त्यांचंच आहे ते."

"दादाचं?"

"तुमचं ते रंगवलेलं पत्र आलं ना, त्याच आठवड्यात आणलं. डॉक्टरांनी जिने बंद करायला सांगितलं होतं. मी म्हटलं, भाऊजींना हे सरळ लिहा की. तर म्हणाले, घाबरेल तो, धावत येईल. लिहिलंय वरच्या ओळीत, हुशार आहे, ओळखेल."

मी हातातलं सामान पायरीवर ठेवलं.

"मग पत्र आलं तेव्हा त्या कंसावर बोट ठेवून किती वेळ बसले. म्हणाले, त्याचं बरोबर आहे, मलाच मांडता आलं नाही." वहिनीने पदराने नाक पुसलं. "त्या दिवशी भाजी घेऊन येत होते. इथेच बसलेले सापडले."

वरून कुणीतरी तिला हाक मारली. ती म्हणाली, "चला, भाऊजी."

मला उठता येईना. वर अजून दोन मजले होते.