ओळंब्याची फाइल

फोटोवाल्यांची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. त्यांच्या फोटोत भिंती सरळ असत.

ऐकायला हे फार वाटत नाही, कारण भिंती मुळातच सरळ असतात असा आपला भाबडा समज असतो. पण मोठ्या दालनाच्या कोपऱ्याला पाठ लावून रुंद लेन्समधून फोटो काढून बघा. खांब भरपेट जेवल्यासारखे फुगतात आणि कपाटं नमस्काराला वाकतात. फोटोवाल्यांचे खांब मात्र ताठ. "नजर सरळ असली की भिंत सरळ येते," असं ते सांगत. वास्तुरचनाकारांच्या मंडळाने मानपत्र दिलं तेव्हा भाषणातही त्यांनी हेच सांगितलं होतं. ते मानपत्र बाहेरच्या खोलीत होतं, आणि आलेल्या पाहुण्याची मान आपोआप तिकडेच वळावी अशा बेताने समोर खुर्ची ठेवलेली होती.

यंदा त्यांनी फोटो सुधारायचं जुनं सॉफ्टवेअर सोडून नवं घेतलं. जुनं उघडेपर्यंत गिऱ्हाईक म्हातारं होई. त्याच उत्साहात मूळ फोटो तेवढे काढून घेऊन जुना कॉम्प्युटर पार पुसला आणि भंगारात घातला. जुनी रुंद लेन्स दुकानात देऊन बदल्यात नवी आणली. घरात जुनं म्हणून फक्त नवरा-बायको उरले.

आणि नेमकं वाचनालयाचं काम आलं. जुनं वाचनालय पाडून नवी इमारत झाली होती, आणि तिच्या उद्घाटनाला जुन्या दालनाचे फोटो भिंतभर लावायचे होते. पाडायच्या आधी ते फोटोवाल्यांनीच काढले होते. तेव्हा दिलेल्या प्रती पोस्टकार्डाएवढ्या. भिंतभर छापायचे तर मूळ फोटोंपासून सुरुवात करणं आलं. त्यांनी मूळ फोटो नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले, आणि आधी स्वतःचा चष्मा पुसला.

खांब फुगले होते. खाली एक ओळ होती : या लेन्सची माहिती उपलब्ध नाही.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"सॉफ्टवेअर बिघडलंय."

"काल तर त्याच्या आरत्या ओवाळत होतात."

"अगं, प्रत्येक लेन्स आपापल्या परीने वाकडं दाखवते. कुठली किती, ते सॉफ्टवेअरला ठाऊक असतं, म्हणून ते सरळ करून देतं. आपल्या लेन्सची कंपनी कधीच बुडाली. यादीत तिचं नावच नाही."

"मग जुन्यात कसं होतं?"

"तेच तर कळत नाही."

"मला कळतं," बायको म्हणाली. "ओळंब्याने घातलं होतं."

ओळंबा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधून सोडतो, त्यावरून पडलेलं नाव. कुणाच्याही घरी गेला की तिरकी तसबीर सरळ केल्याशिवाय बसत नसे. कितीतरी वर्षं तो भाऊजींच्या हाताखाली होता. दिवे उचलायचा आणि कॉम्प्युटरवर बसायचा. त्या लेन्ससाठी त्याने बाहेरच्या खोलीत भिंतीवर चौकडीचा कागद चिकटवला होता. जवळून, लांबून, लेन्स पुढे-मागे करून आठवडाभर त्याचेच फोटो काढले, कुठला चौकोन किती वाकतो ते मोजलं आणि एक फाइल बनवून सॉफ्टवेअरमध्ये घातली. भाऊजी तेव्हा एवढंच म्हणाले होते, "भिंतीचा रंग जाईल हं."

मानपत्राच्या वेळचं ते भाषण ऐकून आल्यावर ओळंब्याने रस्तेमोजणीच्या कार्यालयात नोकरी धरली. भांडण झालं नाही. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं.

फोटोवाल्यांनी यादीतल्या दुसऱ्या लेन्सची माहिती लावून पाहिली. शेजाऱ्याचा चष्मा घालून पेपर वाचावा तसं झालं. मग हाताने बटण सरकवून पाहिलं. मधला फुगवटा दाबला की दोन्ही टोकं उलटी वर जात. कपाटाच्या फळीला झोकदार मिशी फुटली.

"त्याला फोन करा," बायको म्हणाली.

"एका फाइलीसाठी?"

"फाइलीसाठी करणार असाल तर करूच नका."

तरी केला. आधी हवापाण्याची चौकशी झाली. मग गुडघ्याची, गुडघा दोघांचाही दुखत असल्यामुळे तो विषय बरा रंगला. शेवटी फोटोवाले म्हणाले, "ते तुझं एक काहीतरी होतं बघ. लेन्सचं."

"येतो रविवारी," ओळंबा म्हणाला.

आला. दारातून सरळ मानपत्रापाशी गेला, फ्रेमचा डावा कोपरा बोटाने किंचित उचलला आणि मग बसला. फ्रेमच्या कडेने चौकडीच्या कागदाचा डिंक अजून पिवळा दिसत होता. मानपत्र नेमकं त्याच जागेवर लावलं होतं.

"फाइल आहे ना तुझ्याकडे?" फोटोवाल्यांनी विचारलं.

"माझ्याकडे कशी असेल, भाऊजी? तुमच्याच कॉम्प्युटरवर होती. म्हटलं, घरातच आहे."

"तो मी पुसला."

"बरं. लेन्स द्या, पुन्हा मोजू."

"ती बदलली."

"अरे वा," ओळंबा म्हणाला. "म्हणजे मी तेवढा राहिलोय."

बायको हसली. फोटोवाल्यांना हसावं की नाही ते कळेना.

ओळंब्याने खुर्ची ओढली. खऱ्या इमारतीत जे सरळ होतं त्याच्यावर फोटोत रेघा ओढायच्या आणि त्या रेघा सरळ होईपर्यंत फोटो हळूहळू ताणायचा, असा त्याचा बेत होता. खांब झाले, टेबलं झाली. मोठ्या कपाटापाशी तो थांबला.

"ही मधली फळी सरळ होती ना?"

"सरळ म्हणजे काय, एकदम सरळ," फोटोवाले म्हणाले.

"काहीतरीच काय," मागून बायको म्हणाली. "शब्दकोशांच्या ओझ्याने मध्ये खचली होती. तिच्याखाली बसायला मला भीती वाटायची."

ओळंब्याने त्या फळीवरची रेघ पुसली. "फोटो काढायला तुम्ही दिवसभर तिथे होतात, भाऊजी," एवढंच म्हणाला. टोमणा म्हणून नव्हे. त्यामुळे ते जास्त लागलं.

दिवेलागणीला दालन उभं राहिलं. खांब ताठ, टेबलं सपाट, आणि एकच फळी खचलेली, होती तशी. फोटोवाल्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि आणखी एक फोटो उघडला.

"आता हा."

अंगणात झाडांखाली वाचनालयाची सगळी माणसं उभी होती. अगदी कडेला ओळंबा. फोटोवाल्यांनीच त्याला "तूही उभा राहा रे" म्हणून ढकललं होतं. लेन्समुळे फोटोच्या कडेला अंधारून आलं होतं, आणि त्याचा चेहरा कुणी धरून ओढावा तसा वाकडा झाला होता.

"दालनाचं माप लाव की याला."

"दालन लेन्स पूर्ण रुंद ठेवून काढलंय. हा जवळ ओढून. लेन्स हलली की तिचं वाकणंही बदलतं. फाइलीत सगळी मापं होती." ओळंब्याने फोटो नीट पाहिला. "आणि रेघ कशावर ओढू? झाडं आणि माणसं. यातलं सरळ कोण?"

"पण तुझा चेहरा..."

"ओळखणारे ओळखतील, भाऊजी."

फोटोवाले त्याच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेले. बोलायचं वेगळंच होतं, पण पहिल्या पायरीपाशी तोंडातून निघालं, "गुडघा सांभाळ."

"तुम्हीपण."

"उद्घाटनाला ये. तुझं नाव घालतोय फोटोंखाली."

"बघतो," ओळंबा म्हणाला. या घराण्यात 'बघतो'चा अर्थ काय, ते लहान मुलंही जाणतात.

उद्घाटनाला तो आला नाही. खचलेली फळी पाहून म्हातारे वाचक मात्र तिच्यासमोर बराच वेळ रेंगाळले.

घरी फोटोवाल्यांनी मानपत्र उतरवलं आणि त्या जागी झाडांखालचा फोटो लावला, वाकडा आणि कडेला अंधारलेला. खिळ्यावर अडकवताना एक बाजू मुद्दाम खाली ठेवली. केर काढताना बायकोचा हात सवयीने तिकडे जातो.

"राहू दे," ते म्हणतात. "ते त्याचं काम आहे."

फोटो अजून तिरका आहे.