मैदानाची एक फेरी

"सात वर्साच्या लेकरांना शर्यतीच्या बैलावानी पळवता व्हय?" नातीचं दप्तर काखेत मारून ठकूबाई शाळेच्या मैदानातच मास्तरांवर कडाडली. शेजारी समृद्धी उभी होती, दृष्ट लागावी अशी गुटगुटीत. शाळा हाकेच्या अंतरावर, तरी आजीच्या हट्टापायी ती रोज बापाच्या गाडीवरून यायची आणि पळायच्या वेळी सावलीत बसायची.

मास्तर शांतपणे म्हणाले, "आजी, एक फेरी तुम्हीपण मारा की हिच्यासंगं."

मागं हटेल ती ठकूबाई कसली! मेंढरांमागं उभा जन्म डोंगर तुडवलेली बाई ती. पदर खोचून निघालीच. फेरी संपली आणि समृद्धी धापा टाकत मटकन खाली बसली. महिनाभर रोज पळणारी तिच्या वर्गातली आशा मात्र तीच फेरी मारून लंगडी खेळत होती.

ठकूबाईनं घाबरून नातीच्या छातीवर हात ठेवला. धडधड काही केल्या थांबेना. मग तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. सत्तरीतलं काळीज केव्हाच निवांत झालं होतं.

तिच्या काखेतलं दप्तर गळून पडलं.

"मास्तर, हिला पळवा वो," ती म्हणाली, "म्या लाडानं लेकरू म्हातारं केलं."