दोन डाव्या बाह्या

मास्तरांनी एक बाही दुसरीवर ठेवली, उचलून बाजूला केली आणि पुन्हा ठेवून पाहिली. काही फरक पडेना. दोन्ही बाह्या डाव्याच होत्या.

शाळेतल्या एका मुलाचा कोट होता. पाठ आणि पुढचे भाग त्यांनी सकाळीच कापले होते, तेवढं पक्कं आठवत होतं. मग जेवले, आत जाऊन पडले, आणि आता आपल्या शिंपीकामाच्या दुकानात येऊन बघतात तर टेबलावर या बाह्या. कधी कापल्या ते काही केल्या आठवेना. कापडाला उलट-सुलट बाजू होती, म्हणजे एक पालथी घालून वेळ मारून नेण्याचीही सोय नव्हती. मास्तर स्टुलावर बसले. त्यांना फार भीती वाटली.

समोर खुंटीवर दादाचा कोट होता. दादा म्हणजे त्यांचा मोठा भाऊ. हातात कात्री धरायला त्यानेच शिकवलं. त्याने शिवलेला हा शेवटचा कोट, आणि त्याच्याही दोन्ही बाह्या डाव्या. कोटाची बाही कोपरापाशी पुढे वाकते. डावी बाही उजव्या मुंढ्यात बसवली की ती मागे वळते. त्यामुळे तो कोट असा दिसायचा, की कुणीतरी निघता निघता मागे हात करून बोलावतंय. तेव्हा सगळे हसले होते, दादासुद्धा. पुढे दादा याच स्टुलावर बसून मास्तरांनाच विचारायचा, "इथे माझा धाकटा भाऊ बसतो, तो कुठे गेला?" जाईपर्यंत तो त्या धाकट्या भावाची वाट बघत होता.

दादा गेला आणि मास्तरांनी धसका घेतला. डॉक्टरांनी सांगितलं, चालत जा, झोप पुरी घ्या, मीठ-साखर बेताने, माणसांत राहा, डोक्याला रोज काहीतरी नवं द्या. हे करून नक्की टळेल असं नाही, हेही ते म्हणाले होते. ते मास्तरांनी कानाआड केलं. तेव्हापासून पहाटेचं फिरणं चुकलं नाही. दात घासायचे ते डाव्या हाताने. शब्दकोडं पेनाने, खोडरबर नाही. संध्याकाळी चौकातल्या न्हाव्याशी बुद्धिबळ, हरले तरी बेहत्तर.

बायको चेष्टा करायची. "इतकं जपलेलं डोकं वापरणार कधी?" म्हणायची. पण अक्रोड तीच फोडून द्यायची, रात्री त्यांची झोपमोड नको म्हणून रेडिओ तीच बंद करायची. तिला बरोबर चल म्हणावं, असं मास्तरांच्या कधी मनात आलं नाही. जे काय आहे ते आपल्या रक्तात आहे, तिच्या नाही, असा त्यांचा हिशेब होता.

आता त्यांनी स्वतःची परीक्षा घेतली. रस्त्यावरच्या दुकानांची नावं शेवटाकडून म्हटली. जुन्या गिऱ्हाइकांची छाती-कंबर आठवून पाहिली. सगळं बिनचूक येत होतं. येत होतं म्हणूनच जास्त भीती वाटली, कारण दादालाही मापं शेवटपर्यंत पाठ होती.

बायको चहा घेऊन आली. टेबलाकडे बघून तिचा चेहरा खुलला.

"बघितल्यात का बाह्या? मीच कापल्या. तुम्हाला छान झोप लागली होती, म्हटलं तेवढंच काम हलकं होईल."

मास्तरांनी चहाची बशी टेबलावर ठेवली. क्षणभर हायसं वाटलं, अगदी मनापासून. आणि मग आपल्याला हायसं वाटलं याची त्यांना इतकी लाज वाटली, की मान वर करवेना. तिलाही कापायला दादानेच शिकवलं होतं. मास्तर तिच्या कामात खोड काढायला जायचे आणि हात हलवत परत यायचे.

ती टेबलाशी आली, दोन्ही बाह्या शेजारी मांडल्या आणि कड निरखली. ती काहीतरी म्हणेल म्हणून मास्तर वाट बघत राहिले.

"हात अजून चालतो की नाही माझा?" तिने विचारलं.

"चालतो की," मास्तर म्हणाले.

ती आत गेल्यावर त्यांनी उरलेल्या कापडातून उजवी बाही काढली. कापड पुरत नव्हतं, तेव्हा काखेत दिसणार नाही असा जोड दिला. जास्तीची बाही घडी करून चिंध्यांच्या पिशवीत अगदी खाली सारली.

पहाटे निघताना त्यांनी तिला उठवलं.

"चल माझ्याबरोबर. आजपासून दोघांनी जायचं."

"मी कशाला? मला काय धाड भरलीय?"

"मला एकट्याला कंटाळा येतो," मास्तर म्हणाले. हे खोटं होतं.

ती कुरकुरत उठली. बाहेर गारठा होता. चपला घालून तिने खुंटीकडे पाहिलं, दादाचा कोट काढला आणि अंगात चढवला. इतकी वर्षं त्या कोटाला घरात कुणी हात लावला नव्हता.

"किती सुंदर शिवलाय," ती म्हणाली. "कुणाचा हो?" मग उजवा हात पुढे घ्यायला गेली, तर बाही तिला मागे ओढू लागली. "इथे आवळतंय पण."

"माझंच माप चुकलं असेल," मास्तर म्हणाले, आणि त्या बाजूला जाऊन त्यांनी तिचा हात हातात धरला.