उजव्या बाजूचा आवाज

मी बोलतेय, डॉ. चिंतामणी आराध्यांच्या गळ्यातली नळी. डॉक्टर मला स्टेथोस्कोप म्हणतात, पण भवानी पेठेत ते नाव कुणाच्या तोंडी नाही. "डाक्टर, नळी लावा की," असंच लोक म्हणतात. नळी लागली की त्यांचं अर्धं दुखणं तिथंच उतरतं.

माझा जन्म कारखान्यातला. थोडं रबर, थोडा धातू आणि एक पातळ पडदा. डॉक्टर शिकून बाहेर पडले तेव्हा त्यांनी मला घेतलं. तेव्हापासून मागावरच्या माणसांचा खोकला, म्हाताऱ्यांचा दमा, गरोदर बायांची धाप मी ऐकत आले. दम्याची शिट्टी वेगळी, कफाची घरघर वेगळी. मी पोचवायची आणि डॉक्टर ओळखायचे.

मग डॉक्टरांनाच क्षय झाला. एखाद्या रोग्याकडूनच लागला असावा. इंजेक्शनांनी क्षय बरा झाला, पण त्याच इंजेक्शनांनी कान गेले. आधी चिमण्यांचा आवाज गेला, मग घड्याळाची टिकटिक. समोरचा माणूस मोठ्यानं बोलला तर तेवढं कळायचं. हे फक्त त्यांच्या पत्नीला, शकुंतलाबाईंना ठाऊक होतं.

"लोकांना सांगून टाका," त्या म्हणायच्या.

"बहिऱ्या डॉक्टरकडे कोण येईल?" असं म्हणून ते मला गळ्यात घालायचे.

दुष्काळात टेंभुर्णीकडून शहरात आलेली रंभाबाई एका सकाळी तान्ह्या बिरदेवला घेऊन दवाखान्यात आली. "लई खोकतंय. अंगबी तापलंय," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मला त्याच्या पाठीवर टेकवलं. उजव्या बाजूला, खाली, कानाजवळ केस बोटांत चोळावेत तसा बारीक आवाज येत होता. न्यूमोनियाचा. मी तो जसाच्या तसा वर पाठवला. डॉक्टरांचा चेहरा हलला नाही.

"छाती साफ आहे. सर्दी आहे," ते म्हणाले आणि त्यांनी खोकल्याचं औषध दिलं.

रंभाबाई निर्धास्त होऊन पायरी उतरली. तिला हाक मारायला मला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पळतच आली. "दूध वढत न्हाय. बगा की."

डॉक्टरांनी मला लावलं, दाबलं, जागा बदलली, पुन्हा दाबलं. आवाज आता दोन्ही बाजूंना पसरला होता. तो वर जात होता आणि तिथं विरत होता.

रंभाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग जरा मोठ्यानं म्हणाली, "तुमास्नी आयकू येतंय का?"

डॉक्टरांनी मला कानांतून काढलं. "नाही," ते म्हणाले. "बरेच दिवस येत नाही."

मग त्यांनी पोराचं झबलं वर केलं आणि नुसतं पाहिलं. दर श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. नाकपुड्या फुलत होत्या. ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी पेनिसिलिन टोचलं, टांगा बोलावला आणि मायलेकरांना घेऊन ते स्वतः सरकारी दवाखान्यात गेले. मी त्यांच्या गळ्यातच होते.

तिथल्या तरुण डॉक्टरनं प्राणवायू लावला, जमेल तेवढे उपाय केले. दुपारी बिरदेवचा श्वास थांबला.

"बाई, काल आणायला हवं होतं," तो म्हणाला.

"कालच आनलं हुतं," रंभाबाई म्हणाली. माझ्या डॉक्टरांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

तिनं पेठेत कुणाला काही सांगितलं नाही. नुसती दवाखाना आला की रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जाते.

आता डॉक्टर प्रत्येक लेकराचे कपडे काढून पाहतात आणि शंका आली की लगेच मोठ्या दवाखान्यात धाडतात. पण दवाखाना सोडवत नाही, आणि बहिरेपण सांगायची हिंमत अजून होत नाही. लोक नळी लावल्याशिवाय उठत नाहीत म्हणून मलाही लावतात, मान हलवतात.

आज सकाळी कोष्ट्याची प्रेमला गुडघे सुजले म्हणून आली. गुडघे सुजवणारा तोच आजार तिच्या हृदयापर्यंत गेलाय, तिथली झडप नीट मिटत नाही. प्रत्येक ठोक्यामागे रक्त मागं फिरल्याची फुसफुस मी ऐकली. ती डोळ्यांना दिसत नाही. डॉक्टरांनी गुडघ्यांना मलम दिलं आणि पोर हसत निघून गेली.

डॉक्टर, मला तुमच्या गळ्यातून काढा. ज्याला ऐकू येतं अशा कुणाच्याही हाती द्या आणि त्याला आधी प्रेमलाच्या घरी पाठवा.