घर उलटं झालं तेव्हा

वडगावच्या मालुबाईची मान आधी नुसती दुखत होती. डाव्या कानामागून कळ वर चढायची, आत कुणी दोरी पिळत असल्यासारखी. पडल्याचं, हिसका बसल्याचं काही आठवत नव्हतं. "निजताना आवघडली आसंल," असं म्हणून ती मागावर बसतच राहिली. घरात दोन हातमाग, एकावर ती, दुसऱ्यावर नवरा परशराम. चाळिशीही आली नव्हती, आणि मान दुखते म्हणून मागावरची साडी अर्धी सोडायची रीत त्या गल्लीत नव्हती.

एका सकाळी आडवं सूत नेणारा धोटा धरायला गेलेला तिचा डावा हात त्याच्या शेजारनं हवेत गेला. पुन्हा गेला, पुन्हा हुकला. मग समोरचं अंजिरी सूत कलंडलं, त्यामागची भिंत कलंडली, आणि सगळं घर आवाज न करता फिरत गेलं. कौलं खाली, जमीन वर. परशराम वरती उलटा बसून शांतपणे विणत होता. मालुबाईला भीती वाटायची राहूनच गेली. किती हलकं झालंय सगळं, एवढंच तिच्या मनात आलं, आणि ती डाव्या अंगावर कोसळली.

घर सरळ झालं, ती झाली नाही. डावी पापणी अर्धी मिटलेली, आवाज घोगरा. पाणी पाजलं तर नाकातून परत येई. वर उचकी, ती थांबेचना.

"एवढी कोण आठवण काढतंय गं तुजी?" जाऊ अक्काताईनं पाठीवरून हात फिरवत विचारलं.

मालुबाईला वारलेली आई आठवली. ती काढत असेल आठवण, तर काढू दे.

बेळगावच्या डॉक्टरांनी मानेतल्या शिरेचा फोटो काढायला मिरजेला धाडलं. टॅक्सीत ती परशरामच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. निपाणीत तंबाखूचा उग्र वास आत आला आणि खिडकीतलं जग पुन्हा उलटलं. तंबाखूच्या बोदांनी, थोरल्या गठ्ठ्यांनी, भरलेल्या बैलगाड्या आभाळातून संथ चालल्या होत्या, बैलांच्या पाठी खाली. बघत राहावंसं वाटत होतं, पण सांगायचं कुणाला? येळ्ळूरच्या तिच्या मावशीला असंच काहीबाही दिसायचं, तर सासरच्यांनी वेडी म्हणून माहेरी आणून सोडली होती. मालुबाईनं डोळे मिटून घेतले.

मिरजेच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. त्यांनी गरम आणि गार पाणी भरलेल्या काचेच्या नळ्या तिच्या अंगाला लावल्या. उजव्या हाताला दोन्ही सारख्याच लागल्या. टाचणी टोचली तर बोट टेकल्यासारखं वाटलं. मग बाईंनी सहज विचारलं, "कधी सगळं उलटं दिसलं का हो?"

मालुबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. "म्हंजे... आसं आसतंय?"

"असतं. या आजारात काहींना दिसतं. तुम्ही वेड्या नाही झालात."

तेव्हा तिनं घोगऱ्या आवाजात, उचक्यांमधून, सगळं सांगितलं. परशराम ऐकत होता. म्हणाला, "मी पडलो कसा न्हाय गं वरनं?"

"न्हाय पडलासा. लई निवांत हुतासा."

फोटोत डावीकडची शीर एका जागी दोऱ्याएवढी बारीक झाली होती. "शिरेला आतून अस्तर असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते फाटलं. रक्त दोन थरांमध्ये शिरलं, वाट अरुंद झाली, आणि मेंदूच्या एका बारक्या भागाला रक्त कमी पडलं."

"कशानं फाटलं?"

"कधी कधी आपोआप फाटतं. कुणाचं काही चुकलेलं नसतं. बऱ्याच जणांची शीर भरून येते, सगळ्यांची नाही. रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शनं देऊ, आणि वाट बघू."

वाट बघण्यात दिवस गेले. नाकातल्या नळीतून पेज पोटात जाई. ती गुंगीत पडून राही. वॉर्डातले आवाज पाण्याखालून आल्यासारखे येत. एका दुपारी उचकी थांबली, आणि आधी कळलंच नाही काय कमी झालंय ते. पुढं एकदा अक्काताईनं चमच्यानं आंबील भरवली आणि ती घशाखाली उतरली. दुसरा चमचा द्यायचं अक्काताईला भानच राहिलं नाही.

पावसाळाभर ती घरात भिंत धरून चालली. पापणी थोडी उतरलेलीच राहिली, आवाज बराचसा परत आला. दसऱ्याला मागावर बसली. उजव्या हाताला सूत तसंच कळत होतं, गाठ, पीळ, सगळं. फक्त ऊन-गार कळायचं ते गेलं, कायमचं.

थंडीतल्या एका सकाळी ती न्हाणीत बसली होती. डाव्या हातानं पाणी बघायचं, हे आता अंगवळणी पडलं होतं. दोन्ही हात तिनं बादलीत बुडवले. डावा शहारला. उजव्याला नुसतं ओलं लागलं, ना हिवाळा ना उन्हाळा, असलं पाणी. ती तशीच बसून राहिली.

"तापवून आणू का गं?" बाहेरून परशरामनं विचारलं.

"आणा," ती म्हणाली. "पर घाई न्हाय."